शेपटी तुटलेलं जळगाव

आमच्या गावाचं नाव जळगाव जामोद. हे नाव मी परगावी कुणाला सांगितलं, की समोरच्याचा चेहरा एकदम खुलतो आणि तो म्हणतो, "वा! म्हणजे केळी, सोनं आणि वांग्याचं भरीत!" मी म्हणतो, "नाही हो, ते जळगाव वेगळं. ते खानदेशात. आमचं वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी." तो म्हणतो, "असं होय!" आणि दोन मिनिटांनी विचारतो, "मग यंदा केळी काय भाव चालली आहेत?"

नोकरीत होतो तोवर मी या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देत असे. निवृत्त झाल्यापासून केळ्यांचा भाव सांगून टाकतो.

माणसाची शेपटी कधीच गळून पडली, पण गावांची राहिली. ती का राहिली हे ज्यानं टपाल वाटलंय त्याला विचारावं. महाराष्ट्रात जळगावं काही दोनच नाहीत. येवल्याकडे जळगाव नेऊर आहे, बारामतीकडे जळगाव सुपे आहे, जळगाव कडेपठार आहे. बुद्रुक आणि खुर्द या जोड्यांची तर मोजदादच नको. आता यातली शेपटी काढा. काय उरलं? नुसतं जळगाव. म्हणजे 'भाऊसाहेब, पुणे' असा पत्ता लिहिण्यासारखंच.

मी टपाल खात्यात सॉर्टर होतो. रात्रीच्या गाडीच्या डब्यात उभं राहून, एका हातात पत्रांचा गठ्ठा आणि समोर कप्पेच कप्पे, असं आयुष्य काढलं. मी लागलो तेव्हा पिन कोड येऊन आठ-दहा वर्षं झाली होती आणि लोक तो अजूनही लिहीत नव्हते. हा पिन कोड बसवला आपल्या एका मराठी माणसानं. श्रीराम भिकाजी वेलणकर त्यांचं नाव. दिल्लीच्या दळणवळण खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला हे आकडे सुरू झाले. कवीला आकड्यांचं काय सुचावं, असं आम्हांला तेव्हा वाटे. पण एकाच नावाची गावं देशभर किती आणि ती लिहिणाऱ्यांच्या लिप्या किती, हा घोळ त्या सहा आकड्यांनी सोडवला. आमचा पिन ४४३४०२, खानदेशातल्या जळगावचा ४२५००१. पहिला आकडा सारखा, दुसऱ्याला वाटा वेगळ्या. पिन लिहिलेला असला तर नाव वाचायचीसुद्धा गरज नाही.

आणि पिन नसला तर? नुसतं 'जळगाव' लिहिलेलं पत्र आलं तर आम्ही काय करीत होतो? ते पहिल्या कप्प्यात टाकून मोकळे होत नव्हतो. आधी जिल्हा शोधायचो. मग पाठवणाऱ्याच्या गावचा शिक्का बघायचो. मग शेजारच्या ज्येष्ठाला विचारायचो. कशानंच उलगडलं नाही तर पत्र परत. चुकीच्या घरी गेलेल्या पत्रापेक्षा परत आलेलं पत्र बरं, कारण परत आलेल्या पत्राचा निदान पाठवणाऱ्याला पत्ता लागतो. हे आम्हांला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. मॅट्रिकवर लागलेली माणसं आम्ही.

एवढी नमनाला घडाभर पेंड घातली त्याचं कारण आमच्या वहिनी.

वहिनींचं वय बहात्तर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलेला. डोळ्यांचा एक दवाखाना आहे, नाव कशाला सांगू, त्याची केंद्रं गावोगावी आहेत, आमच्याही गावात आहे. तिथे जाऊन नाव नोंदवलं. त्यांनी सांगितलं, मोबाइलवर निरोप येईल, त्यातल्या पत्त्यावर बोट दाबा, तारीख पक्की होईल. निरोप आला. वहिनींनी बोट दाबलं. पान उघडलं, त्यावर लिहिलं होतं, 'केंद्र: जळगाव'. खाली तारीख, गुरुवार. वहिनींनी 'पक्के करा' दाबलं.

आता इथे एक कबुली दिली पाहिजे. आम्ही स्वतः गावात शेपटी लावत नाही. भेंडवळचा माणूस बाजाराला निघाला तर "जळगावले चाललो" असंच म्हणतो, "जळगाव जामोदले चाललो" असं म्हणणारा सरकारी नोकर समजावा. तेव्हा वहिनींना 'जळगाव' म्हणजे आपलंच वाटलं यात त्यांची चूक ती काय?

गुरुवारी सगळं घर तयार. पुतणी नाशिकहून रजा टाकून आलेली. दादांनी नवा काळा चष्मा आणून ठेवलेला. दवाखाना घरापासून पाच मिनिटांवर, तरी रिक्षा केली. आणि यादीत वहिनींचं नाव नाही. काउंटरवरच्या पोरानं पडद्यावर शोधलं आणि म्हणाला, "आजी, तुमचं नाव जळगावला आहे."

"अरे बावा, मंग हे काय हाये?"

"हे जळगाव जामोद. तुमचं नाव जळगावला. खानदेशात. गाव तुम्हीच निवडलंय, इथे दिसतंय ना सिस्टिममध्ये."

इथली पुढची तारीख दीड महिन्यानंतरची. पुतणीची रजा वाया. पण खरी गोष्ट पुढेच आहे. रिक्षात परत येताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मले दिसत नाई म्हणून त डोये दाखवाले आली. चुकीचं दाबलं असन मीनंच."

त्या पोराचं 'तुम्हीच निवडलंय' हे वाक्य वहिनींनी मान्य करून टाकलं होतं. वाचकहो, मी स्वभावानं शांत माणूस आहे. सॉर्टिंगच्या डब्यात तापट माणूस टिकत नाही. पण त्या दिवशी माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही, आणि हा लेख त्याचाच पुरावा.

घरी येऊन मी तो निरोप पुन्हा काढला. त्यात पत्ता होता. लांबलचक, निळ्या अक्षरांत, खाली रेघ. ती निळाई थेट 'जळगाव' या शब्दापर्यंत होती आणि तिथे संपली होती. पुढे 'जामोद' होतं, पण काळं. त्याच्या पुढे केंद्राचा क्रमांक होता, तोही काळा. म्हणजे दाबायचा पत्ता जळगावला संपला आणि आमचं जामोद, केंद्राच्या क्रमांकाला मिठी मारून, रस्त्यात उभं राहिलं.

माझा धाकटा पुतण्या पुण्याला कंपनीत प्रोग्रॅम लिहितो. दिवाळीला आला होता. त्याला दाखवलं. त्यानं अर्धा क्षण बघितलं आणि म्हणाला, "काका, मध्ये स्पेस आली ना. स्पेस आली की लिंक संपली."

"अरे, पण गावाच्या नावातच जागा आहे!"

"हो, मग ती एन्कोड करायला पाहिजे होती. कुणीतरी नुसतं जोडून टाकलं असेल."

'नुसतं जोडून टाकलं असेल' हे तो 'आज ढग आलेत' अशा सुरात म्हणाला. मी त्याला खाली बसवलं. पुढचे दोन तास त्यानं मला शिकवलं आणि मी त्याला झापलं. दोन्ही कामं एकाच वेळी चालू होती.

तर प्रकार असा आहे. संगणकाच्या पत्त्यात आधी घर येतं, मग दालन येतं, आणि मग एक प्रश्नचिन्ह. या प्रश्नचिन्हाच्या पुढे जे काही ते म्हणजे शेपटी. त्यात जोड्या असतात: गाव बरोबर अमुक, केंद्र बरोबर तमुक, आणि दोन जोड्यांच्या मध्ये ते जिलबीसारखं 'आणि'चं चिन्ह. ही व्यवस्था, खरं सांगतो, मला फार आवडली. पिनमध्ये आकड्याला अर्थ येतो तो जागेवरून. आमच्याच तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, तिथेही अठरा धान्यांची आपापली जागा. जागा चुकली की भाकीत चुकलं. इथे तसं नाही. प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पाटी. केंद्र आधी आलं काय आणि गाव आधी आलं काय, पाटी वाचली की झालं. ज्यानं कुणी हे काढलं तो आमच्या खात्यात शोभला असता.

आता अडचण एवढीच, की प्रश्नचिन्ह, बरोबरचं चिन्ह, जिलबी, अधिकचं चिन्ह, ही मंडळी ड्यूटीवर आहेत. त्यांना पत्त्यात कामं नेमून दिलेली आहेत. तीच चिन्हं कुणाच्या नावात आली, तर वाचणाऱ्याला कळणार कसं, की हा शिपाई ड्यूटीवर आहे की लग्नाला आलाय? म्हणून नियम असा, की नावात आलेल्याला साधे कपडे घालायचे. टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन खुणा, हा तो साधा वेष. रिकाम्या जागेला टक्का वीस. आपल्या देवनागरी अक्षरांनाही तसाच वेष लागतो, आणि तिथे कापड जरा जास्त जातं. एकट्या 'ज'चं होतं टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का नऊ सी. एका अक्षराचे नऊ. काना आणि मात्रासुद्धा प्रत्येकी नऊ मागतात. मी कागदावर मोजलं: 'जळगाव जामोद'चे मधल्या जागेसकट त्र्याण्णव होतात. बाहेर पडायचं म्हणून आमच्या गावाला नऊवारी नेसवल्यासारखं. पण नेसवलं की मग ते कुठेही जाऊ शकतं, कुणी अडवत नाही.

"हे नेसवायला फार वेळ लागतो का रे?" मी विचारलं.

"नाही हो काका. तयार फंक्शन असतं. एका ओळीचं काम."

एका ओळीचं काम! मी म्हटलं दाखव. त्यानं दाखवलं. त्या फंक्शनचं नाव 'एन्कोडयूआरआयकॉम्पोनंट'. नांदगाव खंडेश्वरहून लांब नाव, हे मान्य. त्याचा एक आखूड नावाचा भाऊही आहे, 'एन्कोडयूआरआय', तो जिलबीला आणि अधिकच्या चिन्हाला हात लावत नाही, कारण तो सबंध पत्त्यासाठी आहे, एका नावासाठी नाही. लोक आखूड नाव बघून त्यालाच बोलावतात आणि मग फसतात. पण हेही नको असेल तर 'यूआरएलसर्चपॅरम्स' नावाचा कारकून ब्राउझरमध्ये बसलेलाच आहे. त्याला नुसतं सांगायचं, गाव हे, केंद्र हे. प्रश्नचिन्हाच्या पुढचं सगळं तो लिहून देतो. पायथॉनवाल्यांकडे 'यूआरएलएन्कोड' आहे, पीएचपीवाल्यांकडे 'एचटीटीपी बिल्ड क्वेरी' आहे. म्हणजे प्रत्येक दुकानात हा माल फुकट मिळतो. आणि तरी ही शहाणी माणसं अधिकचं चिन्ह टाकून तुकडे जोडत बसतात. पत्ता, अधिक 'गाव बरोबर', अधिक गाव. गोधडी शिवतात तसं. गोधडी शिवणारी आजीसुद्धा टाका घालते हो, हे नुसतं शेजारी शेजारी ठेवतात.

पुतण्यानं बाजू मांडली. पहिली बाजू: "काका, हे नव्वद टक्के ठिकाणी चालतं." चालणारच. यांनी तपासून काय बघितलं? पुणे. नाशिक. नागपूर. एकेका शब्दाची, रोमन लिपीत लिहिलेली गावं. तिथे गोधडीही चालते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा. त्यांतले तीन दोन-दोन शब्दांचे: जळगाव जामोद, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. दोन्ही राजांचं राज्य त्या रिकाम्या जागेत जातं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार आहे आणि चांदूर रेल्वे आहे. शेपटी तुटली की दोघंही नुसते चांदूर. मग रेल्वेवाल्यानं बाजारात जायचं की बाजारवाल्यानं रुळावर? धामणगाव रेल्वे, अंजनगाव सुर्जी, नांदगाव खंडेश्वर, सगळं वऱ्हाड दोन शब्दांचं आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं तपासायला एकच गाव घ्यायचं असेल तर ते पुणे घेऊ नये. आमचं घ्यावं. मी फी मागणार नाही.

दुसरी बाजू: "हे नवीन पोरांना माहीत नसतं." का नसतं? टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या दोन सोबत्यांनी १९९४ च्या डिसेंबरात पत्ते कसे लिहावेत याचा जो मसुदा काढला, त्यातच लिहून ठेवलंय की रिकामी जागा धोक्याची. उतरवून घेताना आणि छापताना असलेली जागा नाहीशी होते आणि नसलेली उगवते. पुढे जानेवारी २००५ मध्ये आर.एफ.सी. ३९८६ हा नियम आला, त्यात कोणती चिन्हं ड्यूटीवर आणि कोणती रिकामी, याची यादीच आहे. मला एवढं कळलं, तेही एका दुपारी, पोह्यांच्या दोन प्लेटांत. पगार घेणाऱ्यांना कळू नये?

बरं, हे गावापुरतं असतं तरी मी दातओठ खाऊन गप्प बसलो असतो. पण आमच्या वऱ्हाडात निम्म्या पाट्यांवर 'जिनिंग & प्रेसिंग' लिहिलेलं असतं, मधे जिलबी. ते नाव तसंच शेपटीत टाका. जिनिंग पोचतं, जिलबीपाशी वाचणारा थांबतो, आणि प्रेसिंग ही वेगळीच कुणीतरी बिनकिमतीची बाई आहे असं समजतो. त्याच्याही पुढचं ऐका. फॉर्मच्या शेपटीत अधिकचं चिन्ह म्हणजे रिकामी जागा असा जुना संकेत आहे. आता कुणी रक्तगट शेपटीत घातला. 'ओ निगेटिव्ह' वजाच्या चिन्हासकट सुखरूप पोचतो, कारण वजाला ड्यूटी नाही. 'ओ पॉझिटिव्ह'चा अधिक मात्र रस्त्यात विरघळतो आणि पलीकडे पोचतो नुसता 'ओ' आणि एक पोकळी. पुतण्याला म्हटलं, रक्ताच्या बाटलीवर असं चालेल का रे? तो पहिल्यांदा गप्प झाला.

तो गप्प झालाय असं पाहून मी दुसरी आघाडी उघडली. कारण चूक काही एकट्या पाठवणाऱ्याची नाही. पलीकडे वाचणारा बसलाय ना? त्याच्याकडे नुसतं 'जळगाव' आलं. केंद्राचा क्रमांक आलाच नाही. त्यानं काय करायला हवं होतं? आम्ही मॅट्रिक माणसं काय करत होतो? विचारत होतो. 'या नावाची केंद्रं दोन आहेत, तुमचं कुठलं?' एवढं एक वाक्य पानावर आलं असतं तर वहिनींनी नातवाला हाक मारून वाचून घेतलं असतं. तसं नाही. क्रमांक नाही? असू दे. नाव जुळलं ना? टाक पहिल्या कप्प्यात. आणि वर त्याच अंदाजाला 'तुम्हीच निवडलंय' म्हणून वहिनींच्या नावावर चढवायचं! अंदाज यांचा, पावती आमची.

पुतण्या म्हणाला, "काका, एरर दाखवली तर युजर घाबरतो." मी म्हटलं, बाबा रे, युजर एररला घाबरत नाही. युजर रिक्षा करून जातो आणि परत येतो, तेव्हा घाबरतो.

या वाचणाऱ्यांचं एकमेकांतही जमत नाही. समजा कुणा भाबड्यानं शक्कल लढवली, की नाव दोन शब्दांचं आहे ना, मग दोनदा पाठवू: गाव बरोबर जळगाव, आणि गाव बरोबर जामोद. काय होईल? ब्राउझरमधला तो कारकून एक मागितलं तर पहिलं देतो, म्हणजे जळगाव. पीएचपी शेवटचं धरतं, म्हणजे जामोद. आता जामोद हेही आमच्या तालुक्यातलं वेगळं, स्वतंत्र गाव आहे, तिथली माणसं चांगली आहेत, पण डोळ्यांचा दवाखाना आमच्याकडे आहे. पायथॉन दोन्हींची यादी हातात देऊन म्हणतं, तुम्हीच बघा. मायक्रोसॉफ्टचं एएसपी डॉट नेट दोघांच्या मधे स्वल्पविराम घालतं. एका पत्त्याचे चार ठिकाणी चार अर्थ. टपाल खात्याला लोक उगीच नावं ठेवतात.

शेपटीत घालू नये ते घालणारेही आहेत. वहिनींच्या त्या निरोपात, काळ्या भागात, त्यांचा मोबाइल नंबरही होता. शेपटी म्हणजे पोस्टकार्ड हो! ब्राउझरच्या इतिहासात ती राहते, पलीकडच्या संगणकाच्या नोंदवहीत राहते, कुणी पुढे पाठवली तर गावभर वाचली जाते. पोस्टकार्डावर लग्नाची तिथी लिहावी, बँकेचं गुपित लिहू नये, हे आमच्या आजीला कळत होतं. ती सही डाव्या अंगठ्यानं करायची.

आणि आता मला सगळ्यांत जास्त झोंबलेली गोष्ट. त्याच दिवशी माझ्या मोबाइलवर कुणीतरी साड्यांच्या सेलची लिंक पाठवली. दीड ओळीचा पत्ता. त्यात शेपटीच शेपटी: यूटीएम सोर्स, यूटीएम कॅम्पेन, एफबीक्लिड, अमुक, तमुक. पुतण्याला विचारलं, हे काय? म्हणाला, ही जाहिरातवाल्यांची खूण. तुम्ही कुठून आलात, कुठल्या जाहिरातीवरून आलात, हे त्यांना कळतं. यूटीएममधला 'यू' म्हणजे अर्चिन नावाची कंपनी, ती २००५ मध्ये गूगलनं विकत घेतली. एफबीक्लिड फेसबुकनं २०१८ पासून चिकटवायला सुरुवात केली. मी विचारलं, ही शेपटी तोडली तर साडीचं पान उघडणार नाही का? म्हणाला, "उघडेल ना. तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही."

मी प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं पुसलं आणि बोट दाबलं. उघडलं. तीच साडी, तोच भाव.

म्हणजे बघा. ज्या शेपटीचा आम्हांला काडीचा उपयोग नाही, ती पाच मोबाइल फिरून, दहा ग्रुपांतून, एक अक्षर न गळता आमच्या घरात पोचते. आणि ज्या दोन शब्दांवर एका बाईचा डोळा अवलंबून आहे, ती शेपटी पहिल्याच वळणावर तुटते. असं का? पुतण्यानं कारण दिलं, आणि ते खरं आहे: जाहिरातीची खूण यंत्रानं केलेली, त्यात नुसती रोमन अक्षरं आणि आकडे. तिला कसलाच वेष लागत नाही. गावाचं नाव माणसांनी केलेलं, त्यात जागा आहे, काना आहे, मात्रा आहे. ते सांभाळायला एक ओळ लिहावी लागते. साडीवाल्याची खूण तुटली तर त्याचे पैसे बुडतात, म्हणून ती तो तपासतो. वहिनींची तुटली तर वहिनी स्वतःला दोष देतात. मग कोण कशाला तपासतंय?

मी दवाखान्याला पत्र लिहिलं. कागदावर, पिनसकट. घडलं ते लिहिलं, निळं-काळं कुठे झालं त्याचा फोटो जोडला, आणि तीन सूचना केल्या: नाव वेष घालून पाठवा, नाव कशाला, केंद्राचा क्रमांकच पाठवा, वेलणकरांनी ही अक्कल आपल्याला १९७२ सालीच शिकवली आहे, आणि क्रमांक आला नाही तर अंदाज करू नका, विचारा. चौथी सूचना, काउंटरवरच्या पोराला 'तुम्हीच निवडलंय' हे वाक्य विसरायला लावा. उत्तर आलं नाही. पण तीन आठवड्यांनी वहिनींना नवा निरोप आला, अलीकडच्या तारखेचा. मी घाईघाईनं चष्मा लावला. पत्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत निळा होता. मात्र गावाच्या जागी टक्के, पंचवीस, ई, शून्य यांची अशी काही गर्दी, की मी कागद घेऊन मोजलं. एकशे पंचावन्न! कुणीतरी उत्साहानं वेषावर वेष चढवला होता. टक्क्याच्या चिन्हालाही टक्क्याचा वेष. एका नऊवारीवर दुसरी.

मी दबकत बोट दाबलं. पान उघडलं. केंद्राचा क्रमांक बरोबर होता, त्यावरून त्यांनी गाव ओळखलं होतं. 'केंद्र' या शब्दापुढे मात्र जळगाव जामोदच्या जागी टक्केच टक्के छापलेले.

वहिनींनी डावा डोळा बारीक करून पाहिलं. "भाऊजी, हे कोन्तं गाव हाये?"

"आपलंच हाये वहिनी. दाबा."

ऑपरेशन झालं, बरं झालं. उजव्या डोळ्यानं आता पंचांग वाचतात. पुतण्याचा पुण्याहून फोन आला, रात्री साडेदहाला. इकडची तिकडची चौकशी झाली, वहिनींचा डोळा विचारला, पाऊस विचारला. मग जरा थांबला.

"काका, आमच्याकडचा कोड बघितला मी आज."

"मग?"

"एक निघालं."

"कोणतं गाव?"

"चांदूर."

"बाजार की रेल्वे?"

"तेच तर कळत नाही," तो म्हणाला.